एकशे सातची गाडी

१२ मार्च, रविवार. सकाळचं काम: गाडीचं ऑइल बदलणं.

हळद शिजवून मागच्या अंगणात पसरलेली होती आणि आपापली वाळत होती. तिला माझी गरज दिवसातून दोनदा, खालीवर करण्यापुरती. म्हैस आटलेली. म्हणजे सकाळ मोकळी, आणि मोकळी सकाळ मला मानवत नाही. म्हणून गाडी थोडा वेळ चालू ठेवून इंजिन कोमट केलं, खाली जुनं घमेलं सरकवलं आणि सतरा नंबरचा पाना लावून ऑइलचा नट सोडला. काळी धार लागली.

गाडी शंभरची. कागदावर सत्त्याण्णव सीसी आहे, पण बोलताना सगळे शंभरचीच म्हणतात. नवऱ्याची होती. तो गेल्यावर धाकट्या दिरानं विचारलं, "वहिनी, गाडी काढायची का?" मी म्हणाले, "काढायची. रोज सकाळी काढायची." सोयाबीन निघालेल्या रानात शिकले. पडले, उठले. महिन्याभरात आमच्या हट्टा गावाहून वसमतच्या बाजाराला एकटी जायला लागले. आधी लोक वळून बघायचे, मग थांबवून पिशव्या द्यायला लागले, की एवढं आमचं पण आणा. लेक बारावीला होती तेव्हा तिलाही मीच शिकवली, त्याच रानात. क्लच हळू सोड, पुढं बघ, चाकाकडं बघू नको. ती एकदाही पडली नाही. याचा मला थोडा राग आला होता.

ती आता अमेरिकेत असते. शिकायला गेली, नोकरी लागली, राहिली. एकटीच आहे. मीही इकडं एकटीच आहे, पण माझं गावात आहे, त्यामुळं ते कुणाच्या लक्षात येत नाही.

आमचा फोन रविवारी सकाळी, व्हिडिओवर. तिच्याकडे तेव्हा शनिवारची संध्याकाळ. जेवलीस का? जेवले. तू? आता करते. ऊन कसं आहे? आहे. म्हैस? बरी आहे. हळदीला भाव? बघू. थोड्याच वेळात दोघी रिकाम्या व्हायचो आणि मग 'ठेवू का' आधी कोण म्हणतं याची वाट बघत बसायचो. भांडण नव्हतं. माझं तिला सांगण्यासारखं काही घडत नव्हतं, आणि तिकडचं जे घडत होतं ते मला कळण्यासारखं नसावं. तिच्या कामाचं नावसुद्धा मला सरळ सांगता येत नाही. कुणी विचारलं तर मी 'कंपनीत आहे' म्हणते.

दिवाळीत तिनं फोटो पाठवले. मोटरसायकल घेतली होती. एका फोटोत ती गाडीवर बसलेली, काळं जाकीट घातलेलं, दात दिसतील इतकी हसत होती. दुसरा फोटो जवळून काढलेला, इंजिनाच्या चकचकीत झाकणाचा. त्यावर आकडा होता, १०७.

माझी सत्त्याण्णव, तिची एकशे सात. दहाचाच फरक.

मला काय वाटलं ते लिहायला हरकत नाही. पोरगी एवढ्या लांब गेली, तिथल्या पैशात कमावते, आणि गाडी घेतली ती आईच्या गाडीएवढी. फोटोत गाडी जरा रुंद दिसत होती, पण मी म्हटलं, अमेरिकेत सगळंच रुंद असणार. रस्ते रुंद, माणसं रुंद, गाड्याही रुंद.

त्या रविवारी मी बोलत सुटले. मला गाडीतलं कळतं आणि तिच्याकडे गाडी होती, एवढं पुरलं. "बाई, एकशे सातला मागं कुणाला बसवू नको, दम लागतो. चढ आला की आधीच दुसरा गिअर टाक, वर जाऊन टाकू नको. हायवेला मोठ्या गाड्यांच्या मागं लागू नको, डावीकडून चाल."

"आई, इकडे उजवीकडून चालतात."

"मग उजवीकडून चाल. पण कडेनं."

फोन ठेवला तेव्हा दूध उतू जाऊन चूल विझली होती. त्यानंतर दर रविवारी गाडीचा विषय निघायचाच. ती चेनबद्दल विचारायची. मी सांगायची, जुनं ऑइल फेकू नको, चेनीला लाव. तिच्या गाडीला चेन नव्हतीच, पट्टा होता, हेही तिनं मला फार उशिरा सांगितलं. पण तेव्हा मला ते माहीत नव्हतं, आणि मी रविवारची वाट बघायला लागले होते. आठवडाभर डोक्यात जमवायची, तिला काय काय विचारायचं ते.

वसमतच्या गॅरेजवाल्यालाही सांगितलं. तो पाना हातात धरून थांबला. "काकू, एकशे सात कौनसी गाडी? एकशे दहा है, एकशे पंचवीस है. एकशे सात तो अपने यहां आतीच नहीं."

"तिकडं वेगळी बनवत असतील," मी म्हणाले.

"बनाते होंगे," तो म्हणाला आणि परत खाली वाकला. त्याला पटलं नव्हतं. मला पटलं होतं, म्हणून मी विचार केला नाही. पिठाच्या गिरणीवर सांगितलं, भिशीत सांगितलं. एकजण म्हणाली, "अमेरिकेत जाऊन बी पोरीनं मायचीच गाडी घेतली म्हणा की." मी म्हणाले, "व्हय."

तर, १२ मार्च. घमेल्यात धार बारीक होत आली होती आणि तिचा फोन आला. हात काळे होते, म्हणून फोन ओट्यावर हंड्याला टेकवून ठेवला.

"काय करतेस आई?"

"ऑइल बदलून राहिले."

"मी पण आजच बदललं! दुपारी. माझं मीच."

बरं वाटलं. "नट निघाला का तुला?"

"पान्यावर उभी राहिले तेव्हा निघाला."

"वायसर नवं टाकलं?"

"टाकलं गं."

"आणि ऑइल बघून भर. माझ्या गाडीला नऊशे मिली लागतं, त्या हिशोबानं तुझ्या गाडीला लिटरच्या आतच पाहिजे. जास्त झालं की धूर मारते."

"पाच क्वार्ट गेलं," ती सहज बोलून गेली.

"क्वार्ट म्हणजे किती?"

"लिटरला थोडं कमी."

मी घमेल्याकडे बघितलं. त्यात तांब्याभर ऑइल होतं. लिटरला थोडं कमी, असे पाच. म्हणजे साडेचार लिटरच्या वरच.

"पोरी, तू गाडीचं सांगतेस का ट्रॅक्टरचं?"

"आई…"

"सांग ना. इंजिन गळतंय का? रिंगा गेल्या का?"

"काही गळत नाहीये. आई, ते एकशे सात सीसी नाहीत."

"इंजिनावर लिहिलंय की."

"ते क्युबिक इंच आहेत. घन इंच. इकडे मोठ्या गाड्यांची इंजिनं तशी मोजतात."

"बरं. मग सीसीत किती झाली?"

"साडेसतराशे."

मला हसूच आलं. "काहीतरीच. इंच मला नको शिकवू. रानातली बोअर साडेसहा इंची, पाइप अडीच इंची, जिंदगी इंचातच चालली माझी. एका इंचात अडीच सेंटीमीटर. एकशे सातला अडीचनं गुण. पावणेतीनशेच्या आतच येतंय. पावणेतीनशेची म्हण फार तर. साडेसतराशेची जीप असते."

"अडीचनं एकदा नाही गुणायचं, आई. लांबी अडीच सेंटीमीटर, रुंदी पण अडीच, उंची पण अडीच. तिन्ही गुणायचे. एका घन इंचात सोळा सीसी बसतात. सोळाच्या थोडे वरच."

"सोळा?"

"सोळा."

मी हातातला नट पुसत बसले.

"हे तुला कधीपासून माहीत आहे?"

"घेतली तेव्हापासून."

"आणि मी दिवाळीपासून सांगतेय, चढाला दुसरा टाक म्हणून."

"टाकत होते मी."

"हसत होतीस का?"

"पहिल्यांदा हसले," ती म्हणाली. "नंतर नाही. आई, तू त्या दिवशी कितीतरी वेळ बोललीस. एवढं तू कधी बोलत नाहीस. मला वाटलं, खरं सांगितलं तर तू 'बरं, जप' म्हणशील आणि ठेवून देशील."

"लेकराला गुळात घालून औषध देतात तसं केलंस तू."

"तसं नाही गं."

"मग कसं? मला काहून नाही सांगितलं?"

तिच्या मागच्या भिंतीवर कुणाच्या तरी गाडीचा उजेड फिरून गेला.

"घमेलं भरत आलंय," मी म्हणाले. "ठेवते."

नऊशे मिलीनं घमेलं भरत नाही, हे तिलाही माहीत होतं. ती म्हणाली, "बरं आई."

नट आवळला, नवं ऑइल भरलं, हात रॉकेलनं पुसून साबणानं धुतले. हळद खालीवर केली. मग स्वयंपाकघरात येऊन टोपलीतला मोठा बटाटा घेतला.

मला तिचं सोळा पटलं नव्हतं. अडीचला अडीचनं गुणून परत अडीचनं गुणलं की सोळाच्या आसपास आकडा येतो, तो फोनच्या कॅल्क्युलेटरवर आला. पण आकडा येणं वेगळं आणि पटणं वेगळं. टेपवर एका बाजूला इंच असतात, एका बाजूला सेंटीमीटर. टेप लावून बटाट्याचा तुकडा कापला, सगळीकडून एक इंच. साखरेच्या मोठ्या खड्यासारखा दिसत होता. पेला काठोकाठ भरून ताटलीत ठेवला, तुकडा सुईनं टोचून सावकाश पाण्यात पूर्ण बुडवला. बाहेर सांडलं ते पाणी त्या तुकड्याएवढं. ते ताटलीतून वासराला औषध पाजायच्या सिरिंजमध्ये ओढलं. सिरिंजवर सीसीच्याच खुणा असतात. चौदा भरलं.

मी म्हटलं, बघा. पण पेल्याच्या बाहेरून आणि ताटलीला बरंच पाणी चिकटून राहिलं होतं. ताटली आधी ओली करून झटकली आणि परत केलं. या वेळी सोळाची खूण ओलांडून पाणी थोडं वर आलं.

म्हणजे पोरगी बरोबर होती. एवढासा बटाटा, चिमटीत मावणारा, आणि सोळा सीसी. असे एकशे सात तुकडे. मी मनात त्यांचा ढीग लावून बघितला. पातेलंभर बटाटे झाले. पिस्टन खालून वर येताना जेवढी जागा झाडतो, ती जागा म्हणजे इंजिनाचं माप, हे मला गॅरेजमध्ये कधीच कळलं होतं. माझा पिस्टन हातात धरून बघितलेला आहे, चहाच्या कपाएवढा. तिच्या गाडीत दोन पिस्टन आहेत म्हणाली होती. दोन्ही मिळून पातेलंभर.

मग उलटं करून बघितलं. सत्त्याण्णवला सोळानं भागलं. माझी गाडी त्यांच्या मापात सहाची.

सहा आणि एकशे सात.

बटाटा भाजीत टाकला. भाजी करून जेवले. ताट घासताना मला कळलं की मला गाडीच्या आकाराचं वाईट वाटलेलं नाही. तिनं विमान घेतलं असतं तरी चाललं असतं. मला लागलं ते दुसरंच. दिवाळीपासून दर रविवारी आम्ही दोघी बोलतोय असं मी समजत होते. बोलत मी एकटीच होते. ती मला बोलू देत होती. आजारी माणसाजवळ बसून आपण हं, हं करतो, तसं. आणि ते चांगल्या मनानं केलं होतं, म्हणून रागवायलाही जागा नव्हती.

मग दुसरं डोक्यात आलं. गाडीचं जर असं, तर बाकीचं काय? ठीक आहे म्हणते, जेवले म्हणते, नोकरी चांगली चाललीय म्हणते. यातलं किती मला झेपेल एवढं बारीक करून दिलेलं असतं? मी तिला विचारते काय? जेवलीस का. त्याला उत्तर काय येणार? जेवले. नवरा गेल्यावर घरात बोलायला कुणी नाही, याची सवय मला वर्षा-दोन वर्षांत झाली. फोनच्या त्या टोकालाही कुणी नसेल, तर त्याची सवय करून घ्यायची माझी तयारी नव्हती.

दुपारी फोटो परत उघडले आणि दोन बोटांनी मोठे केले. दिवाळीत मी तिचा चेहरा बघितला होता आणि आकडा बघितला होता. मधली गाडी बघितलीच नव्हती. मागचं टायर जीपच्या टायरएवढं. दोन सायलेन्सर, माझ्या मनगटापेक्षा जाड. तिचे पाय जमिनीला टेकत होते, पण टाचा जेमतेम. पोरगी पन्नास किलोची आहे, उन्हाळ्यात त्याहून कमी. हे सगळं फोटोत होतं. तिनं लपवलं नव्हतं.

संध्याकाळी शेजारीण दही मागायला आली. म्हैस आटल्याचं ती विसरली होती. ती ओट्यावर बसली आणि म्हणाली, "पोरीचा फोन आला व्हता का?"

"आला होता."

"काय म्हणती?"

"बरी आहे," मी म्हणाले. आणखी काही सांगता आलं नाही, कारण मला खरंच दुसरं काही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, चहा झाल्यावर मी तिला फोन लावला. तिकडे रविवारची संध्याकाळ. मी कधी सोमवारी फोन करत नाही, त्यामुळे तिनं लगेच उचलला.

"आई? काय झालं? कोण गेलं?"

"कुणी न्हाई गेलं. तुझी गाडी पडली तर उचलतं कोण?"

"काय?"

"गाडी. वजन किती आहे तिचं?"

"तीनशे किलो. थोडं जास्तच."

"पडली होती का कधी?"

ती थांबली. मला ते थांबणं ऐकू आलं. मी मध्ये बोलले नाही.

"दोनदा," ती म्हणाली. "एकदा पंपावर, उभी असताना. एकदा वळणावर, जानेवारीत. रेती होती."

"लागलं?"

"गुडघ्याला. आठवडाभर लंगडत होते."

जानेवारीत एका रविवारी ती अंथरुणात पडल्या पडल्या बोलली होती. दमलेय म्हणाली होती. मी म्हणाले होते, काम कमी कर. आता 'बरं, जप' माझ्या ओठांवर आलं होतं. ते गिळलं.

"आणि उचललीस कशी? तीनशे किलो? पहिल्यापासून सांग."

"तुला खरंच ऐकायचंय?"

"म्हणून तर फोन केला."

तिनं सांगितलं. पुढून ओढायची नाही, कंबर जाते. गाडीकडे पाठ करायची, सीटला ढुंगण टेकवायचं. हॅन्डल पडल्या बाजूला पूर्ण वळवून एका हातानं धरायचं, दुसऱ्या हातानं सीटखालचा दांडा. गुडघे वाकवून बसायचं, पाठ ताठ, आणि हातानं न उचलता पायानं मागं रेटत चालायचं, छोटी छोटी पावलं. गाडी आधी गिअरमध्ये टाकायची, नाहीतर सरकते. उजव्या अंगावर पडली असेल तर डाव्या बाजूचा स्टँड आधीच खाली करून ठेवायचा, नाहीतर उचलल्यावर पलीकडं पडते. पंपावर एका बाईनं येऊन शिकवलं म्हणाली. बाई साठीच्या पुढची होती.

मला तीन-चार ठिकाणी समजलं नाही. मी विचारलं. तिनं परत सांगितलं, मग उठून खुर्ची आडवी पाडून दाखवलं. मी सल्ला दिला नाही. देण्यासारखा नव्हताच. मला तीनशे किलो उचलायचं काय ठाऊक? शेवटी ती म्हणाली, "आई, उद्या सकाळी ऑफिस आहे, स्वयंपाक राहिलाय."

"कर. ठेवते."

फोन ठेवून अंगणात आले. पेट्रोलचा कॉक बंद केला, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली, बाजूचा स्टँड खाली केला. उजव्या बाजूला दोन रिकामी पोती अंथरली आणि गाडी सावकाश त्यांच्यावर आडवी पाडली.

कंपाउंडवरून शेजारणीचं डोकं वर आलं. "अगं माय! वहिनी, पडलाव का काय?"

"न्हाई. मीच पाडली."

"काहून?"

"उचलून बघायचीय."

ती बघत उभी राहिली. मी गाडीकडे पाठ केली, सीटला टेकले, हॅन्डल धरलं, खाली बसले. पहिल्यांदा टाचा मातीत घसरल्या आणि मी पोत्यावर बसले. शेजारीण म्हणाली, "माणसं बोलवू का?" मी नको म्हणाले. चपला काढल्या, टाचा रोवल्या, पाठ ताठ केली आणि मागं मागं चालत गेले. गाडी माझ्याबरोबर वर आली.